ओंगण

२४ ऑक्टोबर १९८५, गुरुवार

डॉक्टरसाहेब जर्मनीला परत गेले त्याला आज महिना झाला. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक ही चौकटीची जाड वही, आणि दुसरी त्यांची मोटरसायकल. वहीत फक्त गाडीचं तेल, किलोमीटर आणि दुरुस्ती लिहायची असं त्यांनी बजावलं होतं. पण एवढा चांगला कागद नुसत्या तेलापाण्यावर घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून बाकीचंही लिहिणार आहे.

गाडी कागदोपत्री आमच्या कुष्ठसेवा केंद्राची. पण आलापल्लीच्या चौकात ती उभी केली की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. तिला साखळी नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत पोलादी दांडा गेलाय, आणि चाकापाशी एका गोल डब्यात दोन दातेरी चाकं तेलात फिरतात. पाव लिटर तेल, बस. साहेबांचा नियम असा, की गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, वरचा बूच उघडायचा, आट्यांपर्यंत तेल दिसलं की हात आवरायचा. या गाडीवरच आमची नाल्यापलीकडची अकरा गावं चालतात. तिथे एसटी जात नाही. नवी लाल गोळी महिन्यातून एकदा रोग्याला समोर बसवून गिळायला लावायची असते, हातात देऊन चालत नाही. म्हणजे गाडी गेली नाही तर गोळीही जात नाही.

दसऱ्याला आरमोरीला घरी गेलो होतो. विहारात कार्यक्रम झाला, आईच्या हातचं जेवलो, काल परतलो. बघतो तर गाडीच्या हँडलला झेंडूचा हार. हे काम मुखरूभाऊंचं. आमचे चौकीदार. जन्मभर जंगलातून सागाची लाकडं बैलबंडीवर घालून डेपोत ओढली. मग हा रोग झाला, गावाने बाहेर काढलं. रोग कधीच बरा झाला, पण बोटं वाकडी राहिली आणि हातापायांची जाणीव गेली ती गेली. आता केंद्राच्या फाटकाजवळची खोली हेच त्यांचं घर.

"काढा तो हार, मुखरूभाऊ. आमच्यात नाई ते."

"दसरा होता जी बाबू. बंडीले घालतेत, हिले काऊन नाई?" त्यांनी हार काढला, पण चेहरा पडला. मग जरा वेळाने म्हणाले, "मंग ओंगण तरी द्याव लागन का नाई? का तेई तुमच्यात नाई?"

बंडीच्या आसाला तेल देतात ते ओंगण. मला हसू आलं. म्हटलं, "ते कसं नाई? बिनओंगणाची कोणती गाडी चालते? ओंगणाचं तुमीच पाहत जा."

"हो जी," म्हणाले. म्हातारा केवढा खुलला.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज मागच्या चाकाच्या आऱ्यांवर तेलाचे ओघळ दिसले. पुसले. साहेबांच्या हाताखाली चार वर्षांत एक थेंब गळला नव्हता, आणि माझ्या हाती येऊन दीड महिना होत नाही तोच हे. कोणाला बोललो नाही.

आशाबाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. आमच्या सिस्टर. फेरीला गोळ्यांची पेटी मांडीवर घेऊन, लुगडं सावरत माझ्या मागे एका बाजूला बसतात आणि अठरा किलोमीटर माझी टिंगल करतात. आज पेटी बांधताना म्हणाल्या, "गुणवंत, तुमची गाडी मोहाची पिऊन येते का हो? वास मारून राह्यली."

म्हटलं, विलायती तेलाचा वास आहे, तुम्हाला नाही कळायचा.

"मले काऊन नाई कळन? सकाळपासून हात त्याच्यातच हायेत माहे." शनिवारी त्या तेल वाटतात. ज्यांच्या पायांना स्पर्श कळत नाही त्यांनी रोज पाय भिजवायचे आणि टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोळायचं, म्हणजे भेगा पडत नाहीत आणि जखमा होत नाहीत. सगळं गाव शनिवारी मारुतीला तेल घालतं, आम्ही माणसांच्या पायाला, असं त्यांचं नेहमीचं वाक्य आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेवटी श्रीहरीला बोलावलं. लाकडाच्या ट्रकांचा मेकॅनिक, वय माझ्याएवढंच, हात सोन्याचा म्हणतात. त्याने आधी डबा, चाक, आरे सगळं घासलेटने धुऊन कोरडं केलं. मग आशाबाईंकडून चेहऱ्याची पावडर मागितली आणि डब्याला लावली. "थेंब जिथी दिसतो तिथून निंघत नसते भाऊ," म्हणाला, "वाऱ्यानं फिरते. पावडर खरं सांगते."

एटापल्लीच्या रस्त्याने सात किलोमीटर जाऊन आलो. पावडर दोन ठिकाणी ओली. एक, चाक आणि डबा यांच्या मधल्या, तेल अडवणाऱ्या मोठ्या रबरी सीलभोवती. दुसरी, वरच्या बारीक भोकापाशी. डबा तापला की आतली हवा त्या भोकातून बाहेर जाते. श्रीहरी त्याला गाडीच्या श्वासाचं भोक म्हणतो.

"तेल जास्त तं नाई भरलं?"

मला राग आला. "मी स्वतः आट्यांपर्यंत भरतो. साहेबांनी शिकवलंय."

"उघडून पाहू का?"

नको म्हटलं. गरम तेल फुगलेलं असतं, उघडून काय कळणार? खरं कारण हे नव्हतं. साहेबांच्या गाडीला ट्रकच्या मेकॅनिकने चावी लावावी हे मला बघवत नव्हतं. इथे लिहून टाकतो.

तो खांदे उडवून म्हणाला, मग सील गेलं असेल. इथे ते मिळणार नाही. सील गेल्याचं एकदा ठरलं तेव्हा मला बरंच वाटलं. वस्तू झिजली तर माणसाचा दोष नसतो.

साहेबांना पत्र टाकलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

थंडी अचानक उतरली. सकाळी चाकावर तेल नव्हतं, पांढुरकं, डालड्यासारखं काहीतरी थिजलं होतं. मी चटकन ओळखलं. साहेब सांगायचे, तेलात पाणी शिरलं की ते दुधासारखं होतं. म्हणजे नाला ओलांडताना फाटलेल्या सीलातून पाणी आत जातंय आणि तेल बाहेर येतंय. सगळं जुळलं. श्रीहरीला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असन. मी न पाह्यता काय सांगू?"

मुखरूभाऊंच्या उजव्या हाताला भाजल्याचा मोठा फोड. त्यांना पत्ताच नाही, आशाबाईंना दिसला. मी पट्टी बांधली आणि चांगलं झापलं. किती वेळा सांगितलं, चुलीतलं भांडं फडक्याने धरा. ते म्हणाले, "चूल नाई जी बाबू. आज तं मी चूल पेटवलीच नाई." आता वय झालं, पेटवलेली चूलही आठवत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

तेल चालूच. दोन दिवस बरं असतं, की पुन्हा ओघळ. विशेषतः आठवड्याच्या सुरुवातीला जास्त. सोमवार-मंगळवारच्या फेऱ्यांना नाला लागतो म्हणून असेल.

आज पायांची तपासणी होती. मुखरूभाऊंच्या टाचा शेताच्या धुऱ्यावरच्या मातीसारख्या फाटल्यात, डाव्या अंगठ्याखाली जखम सुरू झालीय. दर शनिवारी बाटलीभर तेल नेतात! मी सगळ्यांसमोर बोललो, की फुकटचं मिळतं म्हणून घ्यायचं आणि कोपऱ्यात ठेवायचं, लावायचा कंटाळा. ते मान खाली घालून "लावतो जी" म्हणाले. नंतर आशाबाई मला म्हणाल्या, तुमच्या बापाच्या वयाचा माणूस आहे तो. मी म्हटलं, बाप असता तरी हेच बोललो असतो.

वडील असते तर खरंच बोललो असतो का, माहीत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

नागपूरहून आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींचं पत्र. गाडीच्या तक्रारी कानावर आल्या आहेत. मागच्या चाकाचा ब्रेक तेलाने भिजत असेल तर सिस्टरला बसवून नेणं धोक्याचं आहे. जानेवारीअखेर गळती थांबली नाही तर गाडी नागपूरला मागवून घेऊ आणि नाल्यापलीकडची फेरी बंद करू. शिवाय एक जुना नियम पुन्हा लिहिलाय, की केंद्रात राहणाऱ्या कोणाही रोगमुक्त व्यक्तीने यंत्रांना हात लावू नये, लावल्यास केंद्रात राहता येणार नाही. हा डिझेल पंपाच्या भानगडीवरून आलेला नियम आहे, त्याचा आमच्याशी संबंध नाही.

फेरी बंद म्हणजे अकरा गावांत एकतीस माणसं. त्यातली बुधरी तर शेवटच्या गावाची, पोर काखेत घेऊन चिंचेखाली वाट बघत बसते. तिच्या गालावरचा डाग आता ओळखू येत नाही. सहा गोळ्या झाल्यात. मध्येच सोडली तर सगळं पाण्यात. हे सेक्रेटरींना कसं कळवायचं? ब्रेकचे पट्टे मी दर रविवारी काढून पुसतोय.

११ जानेवारी १९८६, शनिवार

सील आलं! साहेबांनी विमानाने पाठवलं. सोबत तेलाचा नवा डबा, आणि चिठ्ठीत मुखरूला नमस्कार. चिठ्ठी वाचून दाखवली तर म्हातारा रडला. मला विचारतो, "गाडी बरी हाये का म्हून पुसलं का साहेबानं?" म्हटलं, विचारलं. "मंग सांगा त्याईले, आमी जपून राह्यलो म्हून."

१२ जानेवारी, रविवार

श्रीहरीने पाच तास काम केलं. आधी गाडी तापवून जुनं तेल पातेल्यात सोडलं. मातकट, गढूळ. मी म्हटलं, बघ, पाणी. त्याने बोट बुडवून नाकाला लावलं. "वास येगळाच हाये भाऊ."

"विलायती तेल आहे. वेगळाच असणार."

त्याने बोट चिंधीला पुसलं. सील बसवलं, ब्रेकचे नवे पट्टे लावले, श्वासाचं भोक तारेने साफ केलं. त्यात मेणासारखं काहीतरी अडकलं होतं. नव्या डब्यातलं तेल मी स्वतः मापाने भरलं. गाडी सरळ, आट्यांपर्यंत.

१५ जानेवारी, बुधवार

तीन दिवस, बावन्न किलोमीटर, एक थेंब नाही. चाकावर पावडर मारून पाहिली, पांढरीशुभ्र राहिली. आशाबाई म्हणाल्या, आता माझी पावडर परत द्या. सेक्रेटरींना तार केली. कितीतरी दिवसांनी रात्री सलग झोपलो.

१८ जानेवारी, शनिवार

तेलवाटप. मंगळवारी बुधरीच्या गावची फेरी. गाडी मी मधल्या स्टँडवर ठेवली होती, संध्याकाळी बाजूच्या स्टँडवर तिरपी सापडली. कोणीतरी हलवली असेल, झाडलोट करताना.

२२ जानेवारी, बुधवार

डावा हात गळ्यात आहे. लिहायला उजवा चालतो.

काल सकाळी निघालो. पंधरा किलोमीटर काही नाही. नाल्याच्या अलीकडचा उतार लागला आणि मागचा ब्रेक दाबला, तर पाय नुसता खाली गेला, चाक धरेचना. पुन्हा दाबला, तेच. आशाबाई काहीतरी बोलत होत्या, बुधरीच्या पोराला आणलेल्या टोपड्याबद्दल. पुढचा ब्रेक दाबावा तर मुरूम. तरी दाबला, दाबावाच लागला. चाक घसरलं. मी एका बाजूला फेकला गेलो, गाडी आशाबाईंच्या पायावर पडली.

त्या ओरडल्या नाहीत. "पेटी बघा," म्हणाल्या. लाल गोळ्या मुरुमात पसरल्या होत्या. मी एका हाताने गाडी उचलायला गेलो, तर हात तेलाने सुळकन घसरला. सगळं चाक तेलाने न्हालं होतं.

दोन तासांनी लाकडाचा ट्रक आला. आशाबाईंच्या मांडीचं हाड मोडलंय. तिथून चंद्रपूरला नेलं. आज निरोप आला, हाड जुळेल, पण पाय आखूड राहील.

गाडी दुसऱ्या ट्रकमधून आणून फाटकाजवळच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. मुखरूभाऊ तिच्यापाशी बसून असतात. बुधरीच्या गावाला कोणी गेलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

चौकात जाऊन श्रीहरीला सगळ्यांसमोर बोललो. सील उलटं बसवलं, एका बाईचा पाय घालवला, ट्रकवर हात चालतो म्हणून प्रत्येक गाडीला लावतोस. ट्रकवाले ऐकत होते. तो एकदाच म्हणाला, "उघडून पाहा भाऊ, मंग बोला." मी ऐकलं नाही. सेक्रेटरींनाही तसंच लिहिलं, मेकॅनिकच्या हलगर्जीमुळे. लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

३० जानेवारी, गुरुवार

सेक्रेटरींचं उत्तर. दोष मेकॅनिकचा असेल तर मागचा डबा उघडून त्याच्या समक्ष पंचनामा करा आणि सही घ्या. म्हणजे मलाच श्रीहरीच्या दारात जावं लागणार.

ऐकलं की दोन ट्रकमालकांनी त्याच्याकडून काम काढून घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

श्रीहरी आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. "मी माह्या नावासाठी येऊन राह्यलो, तुमच्यासाठी नाई," म्हणाला.

गाडी बारा दिवस थंड पडलेली. त्याने खालचा बूच काढला. काही आलंच नाही. पातेलं कोरडं. मग त्याने काडी आत घातली, तर काडीला पांढरंपिवळं लोण्यासारखं चिकटून आलं. मी वाकलो आणि वास आला. त्या वासात मी सहा वर्षं काम करतोय. दर शनिवारी केंद्राचा व्हरांडा त्याच वासाने भरतो.

"टोरीचं तेल हाये भाऊ," श्रीहरी म्हणाला. "गच्च भरलं हाये. श्वासाचं भोक थिजून बंद. आत तापलं की जाईन कुठी? सील ढकलून ब्रेकावर येते." मग त्याने सील काढून माझ्या तळहातावर ठेवलं. बरोबर बाजूने बसवलेलं होतं, कड शाबूत. "कोण भरते हे?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. फाटकापाशी मुखरूभाऊ काठीवर हनुवटी टेकवून आमच्याकडे बघत होते, डॉक्टर घरातल्या माणसाला तपासतो तेव्हा दारातले लोक बघतात तसे. मी श्रीहरीला म्हटलं, उद्या सांगतो. त्याने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि हत्यारं गोळा करून गेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी त्यांच्या खोलीत गेलो. कोनाड्यात रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या, चौदा किंवा पंधरा. शेजारी बूच उघडायची साहेबांची चावी, तिला फडक्याच्या दोन पट्ट्या.

विचारलं, गाडीत तेल तुम्ही घालता का?

"दर शनवारी," ते म्हणाले. हुरूप आला त्यांना. चावी मनगटाला कशी बांधतात, दात लावून गाठ कशी मारतात, ते दाखवलं. गाडी बाजूच्या स्टँडवर तिरपी केली की जास्त तेल मावतं, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. "मधात धुराच्या पायपाले हात टेकवावा लागते, तो पाइप तपते म्हणते, मले काई समजत नाई." हातावरचा तो फोड मला आठवला. "आन आता गाडी दुखावली म्हून दोन्ही शनवारी जास्तच देल्लं. तुमीच तं सांगलं होतं बाबू, ओंगणाचं तुमी पाह्यजा म्हून."

मी म्हटलं, मी? कधी?

"दसऱ्याले जी. हार काढाले लावला तवा."

त्यांच्यावर ओरडण्यासाठी मी तोंड उघडलं होतं. पण नजर खाली गेली. डाव्या अंगठ्याखालची जखम आता रुपयाएवढी झालीय, तिच्यावर गोणपाटाची चिंधी.

"आन पायाले काय लावता?"

ते हसले. "पाय कुठी बोलतेत बाबू? गाडी तं कुरकुर करते."

खोलीवर येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. २४ ऑक्टोबरला माझ्याच अक्षरात लिहिलंय. चुलीबद्दल मी लिहिलंय, टाचांबद्दल लिहिलंय, आशाबाईंना आलेला वास लिहिलाय, तिरपी गाडी लिहिलीय. सगळं मीच लिहून ठेवलं आणि मलाच दिसलं नाही. मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस अहवाल लिहून फाडतोय. मुखरूंनी तेल भरलं असं लिहावं तर खरं आहे, आणि नियमाप्रमाणे आठ दिवसांत त्यांची पेटी फाटकाबाहेर. या वयात, या पायांनी. गाव घेत नाही. मेकॅनिकचा दोष असं ठेवावं तर ते खोटं आहे, आणि त्या खोट्यावर मी आधीच एकदा सही केलीय.

शेवटी लिहिलं : "डब्यात चुकीचं तेल माझ्या सांगण्यावरून भरलं गेलं. मेकॅनिकने वेळीच उघडून पाहण्याचं सुचवलं होतं, मी नकार दिला. त्याचा काही दोष नाही. पूर्वीचं पत्र रद्द समजावं." यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक नाव तेवढं नाही.

त्यानंतर चौकात गेलो. ट्रकवाले चहा पीत होते. त्यांच्यासमोर मोठ्याने म्हटलं, सील बरोबर होतं, चूक माझी होती. श्रीहरीने गाडीखालून डोकं बाहेर काढलं नाही. "ऐकलं सगळ्याईनं," म्हणाला. "जा आता."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं. गाडी शनिवारी ट्रकने नागपूरला. नाल्यापलीकडची फेरी पुढील सूचनेपर्यंत बंद. मी फेरीवरून कमी, रजिस्टर लिहायचं.

काल चंद्रपूरला आशाबाईंना भेटलो. त्यांना सगळं सांगितलं, मुखरूंचंही. त्यांनी विचारलं, "बुढ्याले सांगतलं का, माह्या पायाचं?"

म्हटलं, नाही.

"नका सांगू." आणि मग, "तेल मीच तं देल्लं हो दर शनवारी." त्या रडत होत्या. टोपडं त्यांनी उशाशी ठेवलंय. म्हणाल्या, बुधरीकडे पोचवा. या रविवारी चालत जाणार आहे. अठरा किलोमीटर. गोळी रजिस्टरवर चढणार नाही, पण तिच्या पोटात तरी जाईल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ट्रक सकाळी आला. चौघांनी फळी लावून गाडी वर चढवली, दोरांनी बांधली. मुखरूभाऊ आजची बाटली घेऊन आले होते, लंगडत.

"नागपूर लांब हाये. रस्त्यात ओंगण लागन जी."

म्हटलं, लागणार नाही. गाडी चालत नाही, बसून जातेय. त्यांना ते पटलं. "बसून जाऊन राह्यली," असं स्वतःशीच म्हणाले, आणि ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले. मग विचारलं, "आशाबाई कवा येतेत?"

म्हटलं, येतील. पाय बरा होऊ द्या.

"पडल्या कश्या जी त्या? गाडीचं तं सगळं बराबर होतं."

उतार होता, मी म्हटलं. मुरूम होता. माझं चुकलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर ती वाकडी बोटं ठेवली. माझी समजूत घालत होते.

मी त्यांना खोलीच्या पायरीवर बसवलं. घमेल्यात पाणी आणलं, पाय भिजवले, जखम धुऊन पट्टी बांधली. मग त्यांच्या हातातली बाटली घेतली. आधी द्यायला तयार नव्हते, गाडी परत आली तर लागेल म्हणाले. मी तेल तळहातावर घेऊन त्यांच्या टाचांना चोळू लागलो. भेगांत बोटाचं पेर आत जात होतं. दुसऱ्या कोणाला एवढ्याने कळ गेली असती. बाटली अर्धी संपली. ते ट्रक गेला त्या रस्त्याकडे बघत बसले होते.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "लावून झालं का बाबू? मले काई समजत नाई."

अजून थोडं राहिलंय म्हटलं, आणि चोळत राहिलो.